कानांनीं पाहिलेला गुप्तहेर

जानेवारी १९२४ मध्यें बी. बी. सी. नें रिचर्ड ह्यूज यांची एक नाटिका ध्वनिक्षेपित केली. कोळशाच्या खाणींत एकाएकीं दिवे जातात आणि पात्रें काळोखांत सांपडतात, हाच तिचा आरंभ. पात्रांस दिसत नाहीं, श्रोत्यांसही नाहीं. दोघेही कानांनींच चाचपडतात. पुढें ही युक्ति रहस्यकथेस फार मानवली. रंगभूमीवर खलपुरुष प्रवेश करतांच त्याचे डोळे चहाडी करितात. नभोवाणीवर मात्र साव आणि चोर दोघेही नुसते आवाज. त्यांतला खोटा ओळखण्याचें काम गुप्तहेराइतकेंच श्रोत्यावरही येऊन पडतें.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, पण असा गुप्तहेर आपल्याकडे घरोघर पोंचला तो फार उशिरां. १९६७ सालीं विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्यांच्यामागून पुरस्कृत कार्यक्रम आले आणि १९७० नंतरच्या दशकांत 'इन्स्पेक्टर ईगल' गाजूं लागला. विनोद शर्मांच्या आवाजांतला हा अधिकारी बोले हिंदींत. परंतु बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारावर आणि काळ्या पहाडावर पोसलेल्या मराठी श्रोत्यास तो परका वाटला नाहीं. थर्मासच्या छापाचें नांव पोलीस अधिकाऱ्यानें मिरवावें, ही गंमतही कोणास खटकली नाहीं!

दुसरी करमणूक नव्हती म्हणून लोक ऐकत, असें कित्येक म्हणतात. हें अर्धेंच खरें आहे. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतील एकदीड खोलीच्या बिऱ्हाडांत कथेंतला प्रशस्त बंगला कोठून यावयाचा? तो श्रोता पदरचा घाली. अंधेरीच्या मुलास तो वेसाव्याच्या वाटेवर दिसावा, बोरिवलीच्या मुलास गोराईच्या खाडीपलीकडे. आणि पावलें वाजलीं कीं तीं वाजत आपल्याच चाळीच्या लांकडी जिन्यावर. पाण्यास उठणाऱ्या थोरल्यांसही मग क्षणभर दाराकडे पाहावेसें वाटे. इतकी मेहनत ज्या करमणुकींत ऐकणाऱ्यानें करावयाची, तिला केवळ वेळ घालविण्याचें साधन म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरदर्शन आलें आणि १९८५ मध्यें 'करमचंद'. मालिका चतुर होती, पंकज कपूर यांचें काम त्याहून चतुर. तिच्यावर आमचा राग नाहीं. पण गाजर चावणारा तो चेहरा साऱ्या घरांत एकच होता. चाळींत चाळीस बिऱ्हाडें असलीं तर ईगलही चाळीस असत : कोणाचा उंच, कोणाचा मिशाळ, कोणाचा चक्क तळमजल्यावरच्या मामांसारखा.