सावंतवाडीची पेठ आणि आजीचा गंजिफाचा डबा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु गेल्या वर्षी मंडळाची सहल सावंतवाडीस गेली, तेव्हापासून मनाला एक रुखरुख लागून राहिली आहे. ती भगिनींना सांगावी म्हणून हा खटाटोप.

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. समुद्रकाठी बंदराचे गाव आणि त्याच्या पाठीशी आत बाजारपेठेचे गाव, अशा जोड्या आपल्या कोकणात पुष्कळ आहेत. दाभोळ-चिपळूण, जैतापूर-राजापूर, तशीच वेंगुर्ला-सावंतवाडी. वेंगुर्ल्यास १७ व्या शतकात डचांची वखार होती. १८१२ साली हे बंदर सावंतांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे आंबोलीच्या घाटातून बेळगावकडे गाडीरस्ता झाला आणि सावंतवाडी वाटेवरचे मोठे ठाणे बनले. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. वरून गूळ आणि धान्य खाली येई. १९३० साली जेथे मिठाचा सत्याग्रह झाला, ते शिरोडेही याच टापूतले.

सावंतवाडीस सावंत-भोसल्यांची गादी होती. १८७४ साली बांधलेला मोती तलाव आणि त्याच्या काठचा राजवाडा ही गावाची शोभा. राजाश्रय आणि पेठ दोन्ही असल्यामुळे कारागिरांना तेथे पोट भरता आले. त्यांची चितार आळी अजून आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे, पाट, पाळणे आणि भातुकलीची भांडी तेथे मिळतात. लाकडी आंबा, केळे, फणस असे हुबेहूब की, रुखवतात मांडले तर पाहुण्यांनी उचलून पाहावे.

याच चिताऱ्यांची दुसरी कला म्हणजे गंजिफा. हा पत्त्यांचा खेळ इराणाकडून आला. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या आपल्या एका स्नेह्यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्या लोकांनी त्यास दशावताराचे रूप दिले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. पान वाटोळे असते. चिंचोक्याची खळ लावून ते ताठ करतात, हाताने रंगवितात आणि वर लाखेचा हात देतात.

आमच्या माहेरी माळ्यावर असा एक डबा होता. आम्ही पोरींनी त्यातली पाने भातुकलीत ताटल्या म्हणून घेतली. आजी ओरडायची, "अगो चेडवांनो, ती ताटली नाय, तो राजा असा!" आम्ही हसत असू. पानांवर चिखलाचा भात वाढता वाढता दोन पावसाळ्यांत सगळा डबा संपला.

सहलीत राजवाड्यात कारागीर मान खाली घालून नखाएवढा मासा रंगविताना पाहिले आणि माझे डोळे भरून आले. तेथे कळले की, १९४८ साली संस्थान विलीन झाले, छापील पत्ते स्वस्त मिळू लागले आणि ही कला जवळजवळ बुडाली होती. १९७० नंतरच्या काळात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, तरुणांना शिकविली आणि स्वतःही कुंचला हाती धरला. म्हणून ती राहिली. आमच्यासारख्या घरांनी मात्र ती चिखलात घातली होती.

भिशीचे पैसे होते, त्यातून मी एक संच घेतला. घरी आणून मुलांपुढे मांडला. "आई, खेळायचे कसे?" असे त्यांनी विचारले आणि मी गप्प झाले. तिघांनी खेळायचे, दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती राम त्याने आधी उतरायचे, रात्री कृष्णवाल्याने, एवढेच आजीच्या तोंडून ऐकलेले आठवते. पुढचे तिला कधी विचारलेच नाही. आजी गेली, तिच्याबरोबर आमच्या घरातला खेळही गेला. पाने पैसे देऊन परत आणता आली, डाव आणता आला नाही.

आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या आठ-दहाजणी आहेत. त्यांपैकी कुणास हा खेळ येत असेल तर त्यांनी कृपा करून सांगावे. संच घेऊन मी मंडळात येईन. एका दुपारी सतरंजी घालून आपण सर्वजणी शिकू आणि आपापल्या मुली-सुनांना सोबत आणू. विचारायचे राहून गेले, असे त्यांना तरी म्हणावे लागू नये, एवढीच इच्छा.