आठ भाषांची पुस्तके, एका भाषेचा पडदा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत डोंगरी येते, मग तारोडी. आज हा पट्टा मिरा-भाईंदर महापालिकेत आहे. 27 जानेवारी 1984 रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली तेव्हा मात्र इथे ग्रामपंचायतींचा कारभार होता. नगरपरिषद 1985 साली आली, डोंगरी-उत्तनकडची गावे तीत नंतर घेतली गेली आणि 2002 मध्ये महापालिका झाली. शाळेत आधी टीव्ही, मग संगणक, मग प्रोजेक्टर आणि शेवटी मोबाइल ही सरकारी धोरणांची वाटचालही याच काळातली. या धोरणांवर बोलताना यंत्रांची मोजदाद नेहमी होते. त्या यंत्रातून कोणती भाषा बोलली जात होती, हे फारसे कोणी विचारत नाही.

सुरुवात उपग्रहापासून झाली. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून उभा राहिलेला ‘साइट’ प्रयोग ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 असा वर्षभर चालला. अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत शाळेचे कार्यक्रम दिसले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पुढे इन्सॅट आले आणि केंद्राच्या पैशातून पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, भुवनेश्वर, लखनौ व पाटणा इथे शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या राज्य संस्था निघाल्या. पुण्याची संस्था म्हणजेच बालचित्रवाणी. या योजनेतले कार्यक्रम हिंदी, मराठी, गुजराती, उडिया आणि तेलुगू या पाच भाषांत प्रसारित होत. उर्दू त्यांत नव्हती.

आता याच्या शेजारी बालभारती ठेवून पाहा. 1967 साली स्थापन झालेले हे पाठ्यपुस्तक मंडळ मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ भाषांत पुस्तके छापते. म्हणजे राज्याने कागदावर जे मान्य केले होते, ते पडद्यावर करायचे राहून गेले. बालचित्रवाणीच्या निर्मात्यांना यात दोष देणे बरोबर नाही. त्यांनी मराठी मुलांच्या एका पिढीला आनंद दिला, त्यात आपलीही मुले होती. ठाणे-रायगड-रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमानाच्या घरात कोकणी बोली, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू असते. त्या मुलाला मराठी कार्यक्रम कळत होता, आवडतही होता. अडचण दुसऱ्या दिवशी वर्गात यायची. पडद्यावरचा त्रिकोण पुस्तकात ‘मुसल्लस’ होता आणि अपूर्णांक ‘कसर’. ही दोन टोके जोडून देण्याचे काम शिक्षकावर पडले, आणि त्यासाठी त्याला कोणी प्रशिक्षण दिले नाही.

संगणकाची गोष्ट याहून वेगळी नाही. 1984-85 मध्ये केंद्राने ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्यांचा पडदा इंग्रजीच बोलायचा. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रेडिओ-कॅसेट प्लेअरचा पूर्ण आणि रंगीत टीव्हीचा तीन चतुर्थांश खर्च केंद्र देऊ लागले. 2004 नंतर ‘आयसीटी’ योजनेच्या प्रयोगशाळा आल्या. महाराष्ट्रात त्या पाच-पाच वर्षांच्या कंत्राटावर चालल्या. मुदत संपली की संगणक शिक्षक घरी, आणि खोलीला कुलूप.

मधल्या काळात ‘मुस्लिम आणि तंत्रज्ञान’ हा विषय भलत्याच दाराशी जाऊन बसला. सच्चर समितीने 2006 मध्ये आकड्यांनिशी दाखवले की शाळेच्या वयाची जेमतेम 3 ते 4 टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात. तरी धोरणाची नजर मदरशावरच! राज्याने 2013 साली डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात संगणक, ही पंतप्रधानांची भाषा तर सर्वांना पाठच आहे. मदरशाला अनुदान मिळू नये असे माझे म्हणणे नाही. पण उरलेली मुले नगरपालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या बाकांवर आहेत. तिथल्या उर्दू वर्गाला काय मिळाले, हा प्रश्न त्या गाजावाजात ऐकूच आला नाही. आपल्या पुढाऱ्यांनीही तो विचारला नाही, कारण मदरशाच्या नावावर सभा भरते.

जिथे काम झाले, तिथे ते शिक्षकापासून सुरू झालेले दिसते. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड यांनी जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. वीजबिल मात्र वर्गणीत धरलेले नव्हते, आणि थकबाकीमुळे कितीतरी शाळांची जोडणी तुटली. पुढे ‘दीक्षा’चा क्यूआर कोड बालभारतीच्या पुस्तकांवर आला, उर्दू पुस्तकांवरही. बत्तीस-तेहेतीस वर्षांनी का होईना, कागद आणि पडदा एकाच पानावर आले.

आणि नेमक्या त्याच सुमारास, 2017 मध्ये, बालचित्रवाणीला टाळे लागले. केंद्राचे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार अडकले आणि राज्याने जबाबदारी उचलली नाही. तीन वर्षांनी शाळा बंद पडल्या तेव्हा सरकारला पुन्हा टीव्हीच आठवला. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, मराठीत. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या आवाजात धडे पाठवले. मुसल्लस म्हणजे काय, हे मुलांनी त्या आवाजात ऐकले. वडील कामावरून परतल्यावर, घरातला एकमेव फोन हाती आला की.