व्यूहात्मक होल (गोल्फ)

गोल्फमध्ये टीपासून (पहिला फटका मारायची जागा) ग्रीनपर्यंतच्या (खळगीभोवतालची बारीक कापलेली हिरवळ) सगळ्या पट्ट्याला होल म्हणतात. चेंडू जिथे पडायचा ती खळगी जेमतेम सव्वाचार इंच व्यासाची. ज्या होलवर खेळाडूला एकाहून अधिक वाटा असतात आणि जोखमीची वाट साधणाऱ्याला पुढचा फटका सोपा जातो, तो व्यूहात्मक होल. दंडात्मक होलवर वाट एकच असते आणि ती चुकली की शिक्षा.

आखणी ग्रीनकडून उलट्या दिशेने करतात. ग्रीन तिरके बसवून त्याच्या एका अंगाला बंकर (वाळूचा खड्डा) खणला की फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) दोन्ही कडांची किंमत वेगळी होते. जिथून ग्रीन लांबीच्या दिशेने समोर येते, तीच कड ओढ्याला किंवा हद्दीला खेटून ठेवायची. यासाठी फेअरवे रुंद हवा. नुसते बंकर वाढवल्याने होल अवघड होतो, व्यूहात्मक होत नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानावरचा सतरावा, ‘रोड होल’, याचा सर्वोत्तम नमुना ठरावा. पार ४ (अपेक्षित फटके चार), सुमारे ४९५ यार्ड. उजवीकडच्या हॉटेलचा कोपरा ओलांडण्याचे धाडस करणाऱ्याला ग्रीन खुले मिळते. सुरक्षित डावीकडे गेलेल्याच्या वाटेत खोल बंकर येतो आणि ग्रीनमागे रस्ता असतो. तिथल्या १९७८च्या ओपन स्पर्धेत जपानी खेळाडू त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला, पण त्याचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) घरंगळत त्या बंकरात गेला. बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलवर एकूण नऊ झाले. अनेक वाटांची हीच कल्पना कागदावरही उतरली: पेशाने डॉक्टर असलेल्या अ‍ॅलिस्टर मॅकेंझीने १९१४मध्ये ‘कंट्री लाइफ’ नियतकालिकाची आखणी-स्पर्धा जिंकली, ती ग्रीनकडे जाणाऱ्या अनेक वाटांचा होल रेखाटून. अमेरिकेतले ऑगस्टाचे मैदान त्याने गोल्फपटू बॉबी जोन्ससोबत आखले.

मुंबईत गोल्फ क्लब १८४२मध्ये निघाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७चा. गोल्फ इथे जुना असला तरी आपल्याकडे आखणीची खरी परीक्षा पावसाळा घेतो. भिजलेल्या जमिनीवर चेंडू पडेल तिथेच थांबतो, मग कोणत्या कोनातून मारला याला फारसे महत्त्व उरत नाही. म्हणून पाण्याचा निचरा हा इथे व्यूहाचाच भाग.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात, आंबा गावाच्या बाजूला, असा होल आखायचा झाल्यास सड्यांना (जांभ्या दगडाच्या सपाट पठारांना) हात लावू नये. तिथे जांभ्यावर मातीचा थर पातळ. हिरवळीसाठी बाहेरची माती ओतली तर पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पती तिच्याखाली गाडल्या जातील. त्यापेक्षा उतारावरची, ओढ्याकाठची पडीक जमीन बरी. ओढा तिरका ओलांडावा लागेल अशी टी ठेवली की किती अंतर कापायचे हे खेळाडूने स्वतः ठरवायचे. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढाही नियमांनुसार पेनल्टी एरियाच (चेंडू बाहेर काढून खेळल्यास एका फटक्याचा दंड लागणारा भाग) असतो. मात्र त्याच्या पात्रातून चेंडू आहे तसा मारता येतो, आणि २०१९च्या नियमांपासून फटक्याआधी क्लब जमिनीला टेकवायलाही हरकत नाही.