यंत्र आणि नजर

यंत्र आले की कलेतील माणूस हरपतो, असा आक्षेप व्हेरा मोलनार यांच्यावरही घेतला गेला. बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मलेल्या या चित्रकर्त्री १९४७ साली पॅरिसला आल्या. १९५९ पासून त्यांनी एक 'काल्पनिक यंत्र' कल्पिले: स्वतःच नियम घालावयाचे आणि यंत्राच्या निष्ठेने हाताने रेषा ओढावयाच्या. १९६८ साली पॅरिसमध्येच खरा संगणक हाती आला. समोर पडदा नव्हता. छिद्रपत्रांवरून आज्ञा द्यावयाच्या आणि कागदावर रेषा उमटेपर्यंत वाट पाहावयाची. शिस्तबद्ध चौकोनांत त्या किंचित विस्कळितपणा पेरीत. यंत्र आकृतींमागून आकृती देई. त्यांतली जिवंत कोणती, हे मात्र त्यांची नजर ठरवी. वयाच्या ९८व्या वर्षी, २०२२ साली, व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. डिसेंबर २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. आक्षेपाचे उत्तर त्या नजरेतच होते.