मुकुट आणि भाकरी

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे शब्द आपण खेळाच्या बातम्यांत सहज वाचून जातो. पण टेनिसच्या इतिहासात या दोन शब्दांनी कित्येकांची आयुष्ये घडवली आणि मोडली. १९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या प्रमुख स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. खेळून उघडपणे पैसा घेतला की तो दरवाजा बंद झाला. ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्याला हा नियम उदात्त वाटावा, यात नवल नाही. पण ज्याच्या घरी चुलीचीच भ्रांत, त्याने काय करावे? अल्थिया गिब्सन या अमेरिकन खेळाडूचे चरित्र या प्रश्नाभोवती फिरते.

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील सिल्व्हर या गावी झाला. आईबाप कृष्णवर्णीय, वाट्याने कापूस पिकवणारे. शेती साधेना म्हणून हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तेथे मुलांच्या खेळासाठी रहदारी बंद केलेल्या रस्त्यावर तिने प्रथम लाकडी फळी हाती धरली. पुढे डॉ. ईटन आणि डॉ. जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले, शाळेत घातले आणि खेळाचे धडे दिले. १९४७ पासून सलग दहा वर्षे कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला कोणी हरवू शकले नाही.

परंतु गोऱ्यांच्या मैदानावर तिला प्रवेश नव्हता. तेव्हा चार वेळा अमेरिकेची विजेती ठरलेल्या ॲलिस मार्बल यांनी १९५० साली टेनिसच्या एका मासिकात जळजळीत लेख लिहून आपल्याच बांधवांना लाज वाटेल असे खडसावले. त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सचे मैदान अल्थियाला खुले झाले. दुसऱ्या फेरीत गाठ पडली ती विंबल्डनविजेत्या लुईझ ब्रॉ यांच्याशी. शेवटच्या डावात अल्थिया ७-६ अशी पुढे असताना वादळ आले, मैदानातला दगडी गरुड विजेने कोसळला आणि खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ती ९-७ अशी हरली; पण दरवाजा उघडला तो उघडलाच.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. १९५५ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने तिला सदिच्छादौऱ्यावर आशियात पाठवले. त्यात ती भारतातही आली. १९५६ मध्ये तिने फ्रेंच विजेतेपद मिळवले. १९५७ आणि १९५८ अशी दोन वर्षे विंबल्डन व अमेरिका या दोन्ही स्पर्धा तिने जिंकल्या. १९५७ साली तिला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते विंबल्डनचा चषक मिळाला, आणि न्यूयॉर्कमध्ये तिची कागदांच्या वर्षावात मिरवणूक निघाली.

मिरवणूक संपली, पण घरभाडे देणे उरलेच! म्हणून १९५८ नंतर तिने हौशी खेळाचा निरोप घेतला. धंदेवाईक म्हणून तिला जे क्षेत्र मिळाले ते पहा. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यापूर्वी, गर्दी जमेपर्यंत, कॅरल फॅगेरॉस या खेळाडूशी प्रदर्शनाचा सामना करायचा. मोबदला बरा होता. पण पुढे तिने स्वतः काढलेला दौरा तोट्यात गेला. तिने गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली, चित्रपटात काम केले. १९६४ साली स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेत प्रवेश मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तेथेही काही क्लबांनी तिला कपडे बदलण्याची खोलीदेखील नाकारली. १९६८ साली टेनिसचे दार धंदेवाईकांना उघडले, तेव्हा ती चाळिशीला पोहोचली होती.

वृद्धापकाळी आजार आणि दारिद्र्य यांनी तिला घेरले. तेव्हा एकेकाळची जोडीदार अँजेला बक्स्टन धावून आली आणि देशोदेशीच्या टेनिसप्रेमींनी मदत पाठवली. २८ सप्टेंबर २००३ रोजी तिचे निधन झाले.

श्रोतेहो, वर्णाची भिंत सर्वांना दिसते, म्हणून ती पाडणाऱ्याचे आपण स्मारक उभारतो. अल्थियाचाही पुतळा २०१९ साली न्यूयॉर्कच्या टेनिसमैदानाजवळ उभा राहिला. पैशाची भिंत मात्र ‘शुद्ध हौस’ या सुंदर नावाखाली झाकलेली असते. गुणवंतांचा गौरव करताना त्यांच्या भाकरीची चौकशी करावयास विसरू नये, हाच या चरित्राचा बोध होय.