वाण आणि जनुकसंच : प्रस्तावना

वनस्पतींचा जनुकसंच वाचून उत्क्रांती कशी उलगडते, हे ज्याला शिकायचे आहे त्याने सुरुवात भातापासून करावी, असा माझा आग्रह असतो. त्यामागे साधी, व्यवहाराची कारणे आहेत. गव्हाच्या जनुकसंचात सुमारे १,६०० कोटी अक्षरे आहेत, माणसाच्या सुमारे ३०० कोटी. भाताचे काम १२ गुणसूत्रांत आणि जेमतेम ३९ कोटी अक्षरांत आटोपते. (अक्षरे म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही चार एकके. या पुस्तकात त्यांना अक्षरेच म्हटले आहे.) शिवाय भात आपल्या घरचा आहे. हळवा, निमगरवा, गरवा हा भेद ज्याच्या कानावरून लहानपणापासून गेला आहे, त्याला फुलोऱ्याची वेळ ठरवणारी जनुके परकी वाटण्याचे कारण नाही.

वनस्पतींपैकी पहिला जनुकसंच वाचून झाला तो २००० साली, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपाचा. भाताचा सविस्तर नकाशा २००५ साली जपानच्या पुढाकाराने पूर्ण झाला. तो निप्पोनबारे या जपानी वाणाचा होता, आणि त्यातल्या ११व्या गुणसूत्राच्या वाचनात भारताचाही वाटा होता. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारातले शास्त्रज्ञ यांनी ते काम केले.

या वाचनातून हाती काय लागते, हे एका उदाहरणावरून सावकाश पाहू. सिंधुदुर्गातला वालय किंवा मुणगा आणि गोव्याच्या खाजण शेतीतला कोरगूट या वाणांचा तांदूळ लाल असतो. रानटी भाताचा दाणाही लालच असतो. हा रंग दाण्यावरच्या कोंड्याच्या थरात असतो आणि तो तयार होण्यासाठी ७व्या गुणसूत्रावरचे ‘आरसी’ नावाचे जनुक शाबूत असावे लागते. पांढऱ्या तांदळात त्या जनुकातली सलग १४ अक्षरे गळालेली आहेत. पेशी डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते. १४ला तिनाने भाग जात नाही, त्यामुळे गळालेल्या जागेच्या पुढचे सगळे गट सरकतात, प्रथिन अर्धवट राहते आणि रंग उतरत नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तिला मी इतकी जागा दिली नसती. २००७ साली जगभरचे पांढरे वाण तपासले गेले तेव्हा जवळजवळ सगळ्यांत तीच १४ अक्षरे, त्याच ठिकाणी नसल्याचे दिसले. असा अपघात ठिकठिकाणी नेमका तसाच घडणे संभवत नाही. तो एकदा घडला आणि पसरला. त्या जागेच्या आजूबाजूची अक्षरे सांगतात की तो लागवडीच्या भाताच्या जपोनिका गटात घडला आणि तिथून संकराने इंडिका या दुसऱ्या मोठ्या गटात आला. म्हणजे आपल्या पानात वाढल्या जाणाऱ्या पांढऱ्या इंडिका तांदळात जपोनिकाचा हा तुकडा बसलेला आहे. कोण्या काळी कोणा शेतकऱ्यांनी वाटेवर बी दिले-घेतले, त्याची कुठे नोंद नाही. दाण्यात मात्र ती आहे.

याच जनुकाची आणखी एक हकीकत आहे. अमेरिकेतल्या वेल्स या पांढऱ्या वाणात पुन्हा लाल दाणे आले. तपासून पाहिले तर त्या १४ अक्षरांच्या जवळच आणखी एक अक्षर गळाले होते. एकूण १५ झाली, तिनाचा भाग जाऊ लागला, वाचन पुन्हा जागेवर आले आणि रंग परतला. जनुके शिकवताना याहून सुबक उदाहरण मला सापडलेले नाही. हेच जनुक बियाची सुप्तावस्थाही वाढवते. राबात बी पेरणाऱ्याला ते सगळे एकदम रुजायला हवे असते, तेव्हा पांढऱ्या दाण्याची निवड निव्वळ रंगासाठी झाली नसावी, असे मला वाटते.

रानटी भाताला आपल्याकडे देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून तो शिजवण्याची रीत आहे. देवभात गोळा करणाऱ्याला ठाऊक असते की दाणे पिकले की आपोआप झडतात आणि उशीर झाला तर लोंबी रिकामी मिळते. लागवडीच्या भातात ही झड आटोक्यात आली, त्यात ‘एसएच४’ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाचा मोठा हात आहे. बासमतीच्या वासामागेही अशीच आठ अक्षरांची उणीव आहे आणि तीच थायलंडच्या जास्मिन तांदळात सापडते. लांब, सडसडीत दाण्यावरून बासमती इंडिकाचा भाऊबंद वाटतो, पण जनुकसंचाच्या हिशेबाने तो जपोनिकाला अधिक जवळचा आहे.

आता विविधतेकडे येतो, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे. एक वाण वाचला म्हणजे पीक वाचून झाले, असा समज सुरुवातीच्या काळात सहज होत असे. तो किती अपुरा होता हे ओडिशातल्या ‘एफआर१३ए’ या वाणाने दाखवले. पुराच्या पाण्यात बुडाल्यावर साधे रोप वर येण्याच्या धडपडीत उंच वाढते, साठवलेली साखर संपवते आणि मरते. हा वाण वाढ थांबवून तग धरतो, सुमारे दोन आठवडे. त्यामागचे ‘सब१ए’ हे जनुक २००६ साली उजेडात आले आणि ते आणलेला स्वर्णा-सब१ हा वाण आज पूरग्रस्त भागांत लावला जातो. हे जनुक निप्पोनबारेत मुळी नाहीच. तेवढा एकच नकाशा घेऊन शोधत बसणाऱ्याला ते कधीही सापडले नसते. म्हणून आता एका पिकाचे शेकडो-हजारो वाण एकत्र वाचतात. २०१८ साली ८९ देशांतल्या ३,०१० भातांचे वाचन प्रसिद्ध झाले आणि त्यांत सुमारे २.९ कोटी ठिकाणी एका-एका अक्षराचा फरक आढळला.

हा फरक म्हणजे पिकाची गंगाजळी. खुरट्या रोगाच्या विषाणूने आशियातला भात धोक्यात आला तेव्हा हजारो नमुने चाळल्यावर प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानटी भातात. तो नमुना कुणी जपला नसता तर आयआर३६सारखा वाण त्या रोगापुढे टिकला नसता.

माझे मत स्पष्ट आहे. या क्षेत्राची अडचण यंत्रांची राहिलेली नाही. अक्षरे वाचण्याचा खर्च झपाट्याने उतरला आहे आणि पुढचे विश्लेषण साध्या संगणकावरून सुरू करता येते. अडचण आहे नमुन्याच्या ओळखीची. बियांच्या पाकिटावर गाव नाही, वाणाचे नाव नाही, खाचर गोडे की खारे याची नोंद नाही, तर त्यातली कोट्यवधी अक्षरे कशाशी ताडून पाहायची? त्यात देवभात आणि लागवडीचा भात बांधाबांधावर एकमेकांत मिसळत असतात, त्यामुळे रानटी म्हणून उचललेले रोप अर्धे घरचे निघते. भात एकदाच माणसाळला की अनेकदा, या वादाचा बराचसा गुंता इथूनच येतो.

इथे मराठी विद्यार्थ्याला संकोचाचे कारण नाही. कोरगूट खारे पाणी सोसतो तो केरळच्या पोक्कळी भातासारखाच, की त्याची वाट निराळी? वालय आणि मुणगा एकाच घराण्यातले आहेत का? हे प्रश्न आधी त्यालाच सुचतील ज्याने ती खाचरे पाहिली आहेत. पुढच्या प्रकरणांत असे प्रश्न कसे मांडायचे आणि कसे तपासायचे, ते पायरीपायरीने येते. गणिताची धास्ती वाटत असेल तर तिसरे प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल.

वाचकाला एक विनंती आहे. तुमच्या घरी, आजोळी, शेजारच्या वाडीत एखादा जुना वाण अजून लावला जात असेल, तर या हंगामात त्याच्या पाच-दहा लोंब्या कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर गाव, तारीख, जमिनीचा प्रकार, वाणाचे तिथले नाव आणि तो राखणाऱ्या शेतकऱ्याचे नाव लिहा. मग त्याच्या संमतीने ते जवळच्या कृषी विद्यापीठाकडे द्या. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याचा हक्क दिला आहे, हेही त्याला आवर्जून सांगा.