सरपण वेचणारा पंडित

श्रद्धा, नीती आणि सहिष्णुता हे तीन शब्द व्याख्यानाच्या मंडपात वरचेवर ऐकू येतात, आणि ऐकून घरी गेले की विसरलेही जातात. आम्ही काही पंडित नव्हे. शाळा आठवीत सुटली; पुढचे शिक्षण झाले ते गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तीस वर्षे कारखान्यांच्या गेटांवर सभा घेण्यात गेली. तेव्हा तत्त्वचर्चा जाणत्यांकडे सोपवून आम्ही एका माणसाची हकीकत सांगणार आहोत. हा माणूस ख्रिस्ती होता, विद्वान होता, आणि काही वर्षे तरी छापखान्यात प्रुफे तपासून पोट भरणारा आमच्यासारखाच कष्टकरी होता. त्याचे नाव सेबास्टियन कॅस्टेलियो.

त्याचा जन्म १५१५ सालचा, सॅव्हॉय प्रांतातल्या एका खेड्यातला. लिऑन शहरात तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. तो काळ धर्मसुधारणेचा. १५१७ मध्ये ल्यूथरने पोपच्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला होता, आणि १५३६ मध्ये जिनीव्हा शहरानेही जुना पंथ सोडला होता. तेथील सुधारकांचा पुढारी जॉन कॅल्विन. त्याची पुस्तके वाचून भारावलेल्या हजारो तरुणांपैकी कॅस्टेलियो हा एक. १५४१ साली तो जिनीव्हाच्या विद्यालयाचा प्रमुख झाला. पगार अपुरा, म्हणून त्याने धर्मोपदेशकाची जागा मागितली. तेथे अडचण निघाली. बायबलातल्या 'गीतरत्न' या पुस्तकाला कॅस्टेलियो साधे प्रेमकाव्य म्हणे. ख्रिस्त अधोलोकात उतरला या वचनाचा अर्थही तो कॅल्विनपेक्षा वेगळा लावी. जागा मिळाली नाही. मात्र शहर सोडताना उपदेशकांनी त्याला दाखला दिला की याच्या वर्तनात काही दोष नाही, मतभेद आहे तो एवढ्या दोन मुद्द्यांचाच. कामावरून कमी झालेल्यांचे पुष्कळ दाखले आम्ही पाहिले आहेत. इतका प्रामाणिक दाखला क्वचितच पाहावयास मिळतो. चारित्र्य स्वच्छ, काम उत्तम, तरी मत वेगळे म्हणून माणूस नको!

१५४५ मध्ये तो बायकामुलांसह बासल शहरी आला. ओपोरिनस नावाच्या मुद्रकाकडे प्रुफे तपासण्याचे काम मिळाले. दिवसा छापखाना, रात्री बायबलचे भाषांतर. घरात सरपणाची ददात. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या पुरात माणसे काठावर उभी राहून ओंडके ओढतात, तसा हा ग्रीकचा पंडित आकडी घेऊन ऱ्हाइन नदीतून वाहती लाकडे काढी. पुढे जिनीव्हाच्या बाजूने त्याच्यावर चोरीचा आरोप छापून आला, तो या लाकडांवरून. त्याने उत्तर दिले की हे काम आपण भर दिवसा, चारचौघांबरोबर करीत होतो, आणि ती लाकडे कोणाच्याही मालकीची नव्हती. मताला उत्तर सापडेनासे झाले की माणसाच्या चुलीपर्यंत जायचे, ही रीत फार जुनी आहे.

आता मुख्य घटनेकडे येऊ. मायकेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांत जाऊन डावीकडे येते, ही गोष्ट युरोपात पहिल्यांदा छापून मांडली ती त्याने, आणि तीही एका धर्मविषयक ग्रंथात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचे मत त्याला मान्य नव्हते. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्माही मान्य नव्हता. फ्रान्समधील व्हिएन गावी जुन्या पंथाच्या न्यायासनाने त्याला धरले. तो निसटला, तेव्हा त्याच्या पुतळ्याला जाळून शिक्षा पुरी केली. तो जिनीव्हात आला आणि ऑगस्ट १५५३ मध्ये ओळखला गेला. दोन वैरी पंथांचे निदान या एका बाबतीत एकमत झाले. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी शहराबाहेर शांपेल येथे त्याला जिवंत जाळण्यात आले.

कॅल्विनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे. शिक्षा दिली ती नगरसभेने. आधी इतर स्विस शहरांच्या धर्मसभांचे मत मागवले होते, आणि सर्व्हेटस दोषी असे सगळ्यांनीच कळवले. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, असे कॅल्विनने सुचवले होते. परंतु त्याला पकडवण्यात आणि त्याच्यावर आरोप ठेवण्यात कॅल्विनचा हात होता, आणि १५५४ च्या आरंभी त्याने त्या शिक्षेचे समर्थन करणारे पुस्तकही लिहिले.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बासलमध्ये एक लहान लॅटिन पुस्तक निघाले. लेखकाचे नाव खोटे, छापल्याचे गाव खोटे. पाखंड्यांचा छळ करावा काय, हा त्याचा विषय. त्यात ल्यूथर, इरॅस्मस, संत ऑगस्टीन यांचे उतारे होते, आणि कॅल्विनने पूर्वी सौम्य वृत्तीने लिहिलेला मजकूरही होता. पुस्तकामागचा मुख्य हात कॅस्टेलियोचा. तो तेव्हा बासलच्या विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला होता, म्हणजे बऱ्याच वर्षांनी घरात नियमित पगार येऊ लागला होता. ज्याने पोटाची भ्रांत सोसली आहे, त्याला या धोक्याचे मोल कळेल.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पाखंडी कोण, याचा आम्ही पुष्कळ शोध केला. शेवटी एवढेच हाती आले की ज्याचे आपल्याशी पटत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो. एका गावात जो खरा धार्मिक, तोच पुढच्या गावात पाखंडी. त्रैक्य, पूर्वनियोजन हे विषय अवघड आहेत. ते स्वच्छ असते तर त्यांवर इतकी शतके वाद झालाच नसता. उलट चोरी, खून, विश्वासघात वाईट, हे समजायला कोणालाही ग्रंथ लागत नाही. मग जे स्पष्ट आहे त्याकडे दुर्लक्ष करून जे अस्पष्ट आहे त्यासाठी माणसे का मारावी? श्रद्धेची खूण आचरणात पाहावी, असे तो सांगे. कॅल्विनच्या पुस्तकाला त्याने सविस्तर उत्तरही लिहिले, पण ते त्याच्या हयातीत छापता आले नाही. ते हॉलंडमध्ये निघाले १६१२ साली.

१५६२ मध्ये फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटले. तेव्हा त्याने दोन्ही पक्षांना उद्देशून फ्रेंच भाषेत पुस्तिका लिहिली. सद्सद्विवेकबुद्धीवर जबरदस्ती हेच या रोगाचे मूळ, असे निदान केले. त्या वेळी दोन्ही पक्षांना एकमेकांनी दिलेली शिवीवजा नावे रूढ होती. कॅस्टेलियोने ती टाळली. जो पक्ष स्वतःला ज्या नावाने ओळखतो, त्याच नावाने त्याने त्याला हाक मारली. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बसलो. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे.

वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात संप चालू होता. अडीच महिने झाले होते. कमिटीतला एक जुना सोबती उठला आणि म्हणाला, आपल्या फंडातली शिल्लक आणि मालकाकडचा साठा यांचा हिशेब पाहता आता बोलणी करावीत. त्याच्या हातात आकड्यांचा कागद होता. आम्ही तो पाहिला नाही. भर सभेत आम्ही त्याला 'मालकाचा माणूस' म्हटले, आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कोणी बोलेना. त्याच्या मुलीच्या लग्नालाही कोणी गेले नाही. सहा आठवड्यांनी आम्ही तडजोडीवर सही केली, ती त्याने सुचवलेल्या रकमेहून कमीवर. त्याच्या घराची पायरी चढायला आम्हाला पुढे चार वर्षे लागली. त्याने चहा ठेवला आणि एवढेच विचारले, "तो कागद नंतर तरी कुणी पाहिला का?" कुणी पाहिला नव्हता. आमच्याजवळ चिता नव्हती, नगरसभा नव्हती. एक शब्द होता, आणि तेवढा पुरला.

कॅस्टेलियोला देवपदाला बसवावयाचे नाही. देवच न मानणाऱ्याला त्याच्या सहिष्णुतेत पुरती जागा नव्हती. त्याच्या काळाची मर्यादा त्यालाही होती. शेवटच्या वर्षी त्याने शंका घेण्याच्या आणि श्रद्धा ठेवण्याच्या कलेवर ग्रंथ लिहावयास घेतला. कोठे शंका घ्यावी आणि कोठे विश्वास ठेवावा हे न कळल्यामुळेच माणसे संशयास्पद गोष्टीसाठी एकमेकांचे गळे धरतात, हा त्याचा विचार. ग्रंथ अपुरा राहिला. त्याच्यावरही पाखंडाचा आरोप दाखल झाला होता, पण चौकशी पुरी होण्याआधी २९ डिसेंबर १५६३ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो वारला. तो अपुरा ग्रंथ संपूर्ण छापून यायला १९८१ साल उजाडले.

परंतु बीज वाया गेले नाही. त्याचे काही संवाद १५७८ मध्ये फाउस्टो सोझिनीने प्रसिद्ध केले. सोझिनीचा विचार पोलंड, हॉलंड आणि इंग्लंडमधील उदारमतवादी ख्रिस्ती पंथांत उतरला. त्यांतलाच एक युनिटेरियन पंथ, त्रैक्य न मानणारा. या पंथाच्या शिष्यवृत्तीवर आपले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. तेथे शिकण्यासाठी कोणत्याही धर्ममताची शपथ घ्यावी लागत नव्हती. सप्टेंबर १९०३ मध्ये अँम्स्टरडॅमला उदार धर्ममतवाद्यांची परिषद भरली, तीत शिंद्यांनी निबंध वाचला. ते प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणूनच मायदेशी परतले, आणि १९०६ साली मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढून त्यांनी आपली श्रद्धा कामात दाखवली. त्याच १९०३ च्या ऑक्टोबरात, सर्व्हेटसला जाळल्याला साडेतीनशे वर्षे झाली तेव्हा, कॅल्विनच्या अनुयायांनीच शांपेलला एक शिळा उभारली. ही चूक आमच्या गुरूच्या काळाची होती आणि आम्ही तिचा निषेध करतो, अशी कबुली तीवर कोरलेली आहे. गुरूचा मान राखूनही ती चूक दगडावर लिहिता येते, हे त्यांनी दाखवले.

श्रोतेहो, आपण येथून घरी जाल. घरात, गल्लीत, संघटनेत, देवळाच्या किंवा मशिदीच्या विश्वस्तमंडळात कोणी तरी उलट मत घेऊन उभा राहील, आणि त्याला द्यावयाचे नाव आपल्या जिभेवर तयारच असेल. ते उच्चारण्याआधी त्याच्या हातातला कागद मागून घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे. आम्ही तो मागितला नव्हता.